गायकवाडांचा शिवाजी आणि सुट्टे पैसे

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक केशकर्तनालय आहे. तिथं दाढीला पंधरा मिनिटं लागतात आणि रजनीकांतला दीड तास. दोन्ही एकाच खुर्चीत उरकत असल्यामुळे गिऱ्हाइकाला घरी सांगून यावं लागतं. आरशाच्या वर डावीकडे खंडोबा, उजवीकडे रजनीकांत आणि मधोमध 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी. सलूनवाले मामा रोज सकाळी दोघांनाही उदबत्ती ओवाळतात. खंडोबाला तीन वेळा, रजनीकांतला एकदाच. पण गॉगलपाशी हात जरा रेंगाळतो.

'कुली' लागला त्या आठवड्यातली गोष्ट. 14 ऑगस्ट 2025 ला सिनेमा आला आणि सोळा तारखेला मी केस कापायला बसलो. माझी डावी बाजू उरकून मामांनी कात्री हवेत धरली.

"साहेब, आपल्या माणसाला सिनेमात पन्नास वर्षं झाली."

अर्धं डोकं कापलेला माणूस कुठल्याही मताला मान डोलावतो. मी डोलावली. तेवढ्यानं सभा सुरू झाली.

या सभेत खातेवाटप पक्कं आहे. करिअर हे खातं मामांच्या भाच्याकडे. ताज्या बातम्या शेजारच्या इडलीवाल्या अण्णांकडे. आणि कूळ, मूळ, गाव, भाऊबंदकी हे सगळं महसूल खातं आमच्या वाड्यातल्या काकांकडे. काका हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे कागद नसला तरी नोंद आहे असं ते ठामपणे सांगू शकतात. मी आम जनता.

भाच्यानं सुरुवात केली. वयानं तो 'बाशा'नंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेला, पण बोलतो असा की के. बालचंदरनी 'अपूर्व रागंगळ'साठी मुलाखत घेतली तेव्हा हाच शेजारच्या स्टुलावर होता. "1975. पहिला सीन. एक फाटक उघडून तो आत येतो. दाढी वाढलेली, कोट मळका. बस्स. पन्नास वर्षं झाली, ते फाटक कुणाला लावता आलेलं नाही." मग एका दमात यादी : 'अण्णामलै'त दूधवाला, 'बाशा'त रिक्षावाला, 'काला'त धारावीचा दादा, 'जेलर'मध्ये निवृत्त तुरुंगाधिकारी आणि आता कुली. "एवढी कामं केलेला माणूस आपल्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्येसुद्धा सापडायचा नाही," मामा म्हणाले. माझी उजवी बाजू अजून तशीच होती.

अण्णा मूळचे तिरुनेलवेलीकडचे, वाढले धारावीत, पोट भरायला आले पुण्यात. मराठी बोलतात ती अस्सल मुंबईची, फक्त रजनीकांतचा विषय निघाला की क्रियापदं आदरार्थी होतात. भाचा मधेच 'थलायवा' म्हणाला तसे अण्णा हातातला चटणीचा डाव घेऊनच आत आले.

"थलायवा नाय रे बाबा, तलैवर. 'तलैवा' म्हणजे हाक मारताना. समोर असले तर. तुझ्यासमोर आहेत काय ते?"

भाच्यानं आरशावरच्या फोटोकडे बोट केलं. अण्णांनी विचार केला आणि म्हणाले, "मग चालेल."

अण्णांनी माटुंग्याच्या अरोरा टॉकीजमधले पहाटेचे खेळ पाहिलेले. बाहेर ढोल, कटआउटवर दुधाचा अभिषेक, आत पडद्यावर नाव आलं की पहिली पाच मिनिटं काही ऐकू येत नाही. "मग सिनेमा कळायचा कसा?" मी विचारलं. अण्णांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. देवळात पुजारी काय पुटपुटतो ते कळतं का तुम्हाला, असा काहीसा भाव होता.

बातम्यांच्या खात्यात अण्णांनी मोठं दुःख सोसलेलं आहे. 31 डिसेंबर 2017 ला रजनीकांतनी राजकारणात येतो म्हणून जाहीर केलं. त्या दिवसापासून अण्णा इडलीवाले राहिले नाहीत, भावी सत्ताधारी झाले. तमिळनाडूत सरकार येणार आणि अण्णांना पुण्याचं पालकमंत्रिपद मिळणार, इथपर्यंत सलूनमध्ये ठरलं होतं. कुणी घटनात्मक अडचण काढली तर अण्णा त्याला चटणी कमी वाढत. तीन वर्षं वाट पाहिली. 29 डिसेंबर 2020 ला प्रकृतीच्या कारणानं राजकारणात येणार नाही असं रजनीकांतनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी अण्णांच्या सांबाराला मीठ नव्हतं. एकाही गिऱ्हाइकानं तक्रार केली नाही. पुणेकरांनी अन्नाबद्दल तक्रार केली नाही, असा तो अलीकडच्या इतिहासातला एकमेव दिवस.

इतका वेळ काका पेपर वाचत होते. पेपरची घडी घातली म्हणजे महसूल खातं उघडलं.

"करिअर सोडा, बातम्या सोडा. मूळ बघा. रजनीकांत कोण? शिवाजीराव गायकवाड. वडील रामोजीराव गायकवाड, पोलीस शिपाई. जन्म 12 डिसेंबर 1950, बंगळूर. पूर्वजांचं गाव मावडी कडेपठार, तालुका पुरंदर, जिल्हा पुणे." शेवटचे तीन शब्द त्यांनी शिक्का मारल्यासारखे उच्चारले. "आपल्या जेजुरीच्या शेजारचा माणूस आहे तो. घरात मराठी बोलत वाढलेला. आणि हे लोक त्याला मद्रासी म्हणतात."

"हे लोक" म्हणजे कोण ते त्यांनी सांगितलं नाही, पण सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं.

मग काकांची गाडी दिवेघाट चढू लागली. शहाजीराजे बंगळुरात होते, हे तर शाळेतल्या पोरालाही ठाऊक. त्यांच्याबरोबर पुणे प्रांतातली माणसं गेली असणारच. पुढं व्यंकोजीराजे तंजावरला. "म्हणजे बघा, सगळा दक्षिण पट्टा आपल्याच लोकांनी भरलेला. सांबारसुद्धा संभाजीराजांच्या नावावरून आलं असं म्हणतात." स्वतःच्या भांड्यातला माल परप्रांतीय ठरल्यावर अण्णांनी डाव दुसऱ्या हातात घेतला.

"आणि गायकवाड!" काका थांबायला तयार नव्हते. "बडोद्याचे गायकवाड कुठले? पुणे जिल्ह्यातल्या दावडीचे. मावडीचे गायकवाड, दावडीचे गायकवाड. नुसतं यमक बघा."

यमकावरून वारसाहक्क सिद्ध होतो, हे मला नवीन होतं. भाचाही वाहवत गेला. म्हणाला, "काका, 'मुथु' 1998 साली जपानमध्ये लागला तेव्हा त्यांनी सिनेमाला 'नाचणारा महाराजा' असं नाव दिलं होतं."

काकांनी टेबलावर थाप मारली. "जपान्यांना कळलं! टोकियोत बसून कळलं त्यांना. आपल्याला सासवडला जाऊन कळत नाही."

आता अण्णांची पाळी होती. ते शांतपणे म्हणाले, "काका, तुम्ही एकच गाव सांगितलं. दुसरं पण आहे. नाचिकुप्पम. कृष्णगिरी जिल्हा. तमिळनाडू. पूर्वजांचं गाव म्हणून ते पण सांगतात."

सलूनमध्ये शांतता पसरली. सातबाऱ्यावर दुसरं नाव निघाल्यावर पसरते तशी. काकांनी चष्मा पुसला आणि सरकारी तोडगा काढला. "ते मधलं मुक्कामाचं ठिकाण असणार. मावडीहून निघाले, नाचिकुप्पमला थांबले, बंगळूरला पोचले."

पुण्याहून बंगळूरला जाताना आधी तमिळनाडूत उतरून मग मागं वळावं लागतं, असा एस.टी.चा एकही मार्ग मला माहीत नाही. पण माझं अर्धं डोकं मामांच्या ताब्यात होतं.

अखेर मामांनीच वाद मिटवला. खंडोबाच्या फोटोकडे कात्री रोखून म्हणाले, "अहो, याला आपण खंडोबा म्हणतो. कर्नाटकात मैलार म्हणतात, तेलंगणात मल्लण्णा. तिन्हीकडं गर्दी. यानं कधी रहिवासी दाखला दाखवलाय का कुणाला?"

कुळाच्या कथेत मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो नावाचा भाग. अण्णांनी तो सांगितला आणि काकांनीही मधे न बोलता ऐकला, यावरून त्याचा दर्जा लक्षात यावा. व्ही. सी. गणेशन नावाचा एक तमिळ नट अण्णादुराईंच्या नाटकात शिवाजी महाराजांची भूमिका करायचा. ती इतकी गाजली की पेरियारांनी त्याला 'शिवाजी' म्हणूनच गौरवलं, आणि तो शिवाजी गणेशन झाला. पुढं बालचंदरांकडे बंगळूरचा एक पोरगा आला. त्याचं जन्मनावच शिवाजी. बालचंदर म्हणाले, इथं एक शिवाजी आहे, दुसरा चालायचा नाही. आणि स्वतःच्याच जुन्या 'मेजर चंद्रकांत' सिनेमातल्या एका पात्राचं नाव त्याला देऊन टाकलं : रजनीकांत.

म्हणजे बघा. तमिळ गणेशन शिवाजी झाला म्हणून मराठी शिवाजीला रजनीकांत व्हावं लागलं. पुढं 1999 च्या 'पडयप्पा'त शिवाजी गणेशन रजनीकांतचे वडील झाले. नावाचा शिवाजी बाप, जन्माचा शिवाजी मुलगा. आणि 2007 साली शेवटी 'शिवाजी' नावाचा सिनेमा करून गड्यानं आपलं नाव पडद्यावर सोडवून घेतलं. हे सगळं एखाद्या मराठी लेखकानं कादंबरीत लिहिलं असतं, तर संपादकानं 'योगायोग फार' म्हणून साभार परत पाठवलं असतं.

"पण मराठीत एक सिनेमा नाही केला," मामा खिन्नपणे म्हणाले. ही जखम जुनी आहे. तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम, हिंदी झालं. 'ब्लडस्टोन' नावाचा इंग्रजी झाला. "बंगालीतसुद्धा एक आहे," भाचा म्हणाला. बंगाली ऐकल्यावर काकांचा चेहरा मंगळवारी मटण वाढल्यासारखा झाला. पण काकांना काही झालं तरी मार्ग सापडतोच. "दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला ना? फाळके कुठले? त्र्यंबकेश्वरचे!" पुरस्कार मराठी माणसाच्या नावाचा, घेणारा मराठी मुळाचा, म्हणजे घरातल्या घरात झालं.

आता हे फक्त रजनीकांतच्याच बाबतीत होतं असं नाही. आमच्या सलूनचा वंशावळीचा कायदाच आहे. काजोल घ्या. वडील शोमू मुखर्जी, अस्सल बंगाली. पण आई तनुजा, मावशी नूतन, आजी शोभना समर्थ. तेव्हा काजोल आपली. श्रद्धा कपूरचं आडनाव कपूर, पण आजोळ कोल्हापुरे, तीही आपली. एरवी लग्नाच्या बोलणीत आजोळाला दुय्यम लेखणारे काका सिनेमाच्या बाबतीत कट्टर मातृसत्ताक आहेत. कायद्याचं दुसरं कलम मात्र कुणी मोठ्यानं म्हणत नाही. सिनेमा चालला की आजोळ, पडला की वडिलांचं आडनाव.

न राहवून मी विचारलं, "काका, तुमच्या पणजोबांचं नाव काय?"

काका गडबडले. "पणजोबा... म्हणजे कसंय, गुरुजींकडे चिठ्ठी आहे. श्राद्धाला तेच वाचतात."

रामोजीराव गायकवाडांपर्यंत तोंडपाठ असलेला माणूस स्वतःच्या तिसऱ्या पिढीला चिठ्ठी काढतो. पूर्वी दारात बैल घेऊन हेळवी यायचे आणि आपल्याच घराण्याची सगळी वंशावळ आपल्याला घडाघडा सांगायचे. धान्य द्यायचं, ऐकायचं, विसरून जायचं. आता हेळवी येईनासा झाला, म्हणून बहुधा आम्ही दुसऱ्यांच्या वंशावळी पाठ करतो. त्यांना धान्य लागत नाही.

या बोलण्यानं काका दुखावले असावेत. कारण ताडकन म्हणाले, "चला. येत्या सोमवारी मावडीला. सलूनला सुट्टी आहे. प्रत्यक्ष पाहणी करून येऊ."

माझी उजवी बाजू त्यानंतर कापली गेली.

सोमवारी आम्ही पाचजण हडपसरहून जेजुरीच्या एस.टी.त बसलो. अण्णांनी इडल्या बांधून घेतल्या होत्या, तटस्थ निरीक्षक म्हणून. काकांनी खिडकी पकडली. एवढ्यात कंडक्टर आला. तरणाबांड, खांद्याला पिशवी, हातात तिकिटाचं यंत्र. उभ्या माणसांतून तो असा सरकत होता की कुणाच्या पायावर पाय नाही. एका हातानं दांडा सोडायचा, दुसऱ्यानं तिकीट फाडायचं, मधल्या क्षणात मोड मोजायची. बस वळणावर कलली तर सगळे कलले, हा सरळ.

"स्टाइल बघ," मामा भाच्याला कुजबुजले.

"काका, तिकीट?"

"शहात्तर पूर्ण," काका रुबाबात म्हणाले. पंचाहत्तरच्या पुढं एस.टी. फुकट, हे त्यांच्या निवृत्तीतलं मोठं सुख आहे.

"आधार कार्ड दाखवा."

काकांनी उजवा खिसा पाहिला. डावा पाहिला. पिशवी पाहिली. पिशवीत मावडीच्या गायकवाडांची, दावडीच्या गायकवाडांची आणि बडोद्याच्या गादीची स्वहस्ते काढलेली टिपणं होती, नकाशासकट. आधार कार्ड घरी देवापाशी राहिलं होतं. दुसऱ्याच्या पूर्वजांचा पुरावा जवळ होता. स्वतःच्या जन्माचा नव्हता.

"मग पूर्ण तिकीट पडेल काका. आणि सुट्टे द्या."

काकांनी पाचशेची नोट काढली. कंडक्टरनं ती नोट आणि काकांचं तोंड आळीपाळीनं पाहिलं. त्या नजरेत महाराष्ट्राच्या तमाम कंडक्टरांची कैफियत होती. शेवटी अण्णांनी गल्ल्यातली चिल्लर ओतून पाचजणांची तिकिटं काढली. पुरंदरच्या मूळ पुरुषाच्या शोधमोहिमेचा खर्च तिरुनेलवेलीनं केला.

दिवेघाट लागला. काका गप्प होते. त्यांना बरं वाटावं म्हणून भाच्यानं सांगायला घेतलं. "काका, रजनीकांत बंगळूरला कंडक्टरच होता ना. तेव्हाचा त्याचा ड्रायव्हर मित्र, राज बहादूर, त्यानंच त्याला सिनेमात जा म्हणून मागं लागून मद्रासला धाडलं. फाळके पुरस्कार घेतला ना 2021 मध्ये, तेव्हा त्यानं तो कुणाला अर्पण केला माहितीये? गुरू बालचंदर, भाऊ सत्यनारायणराव आणि हा ड्रायव्हर. आणि 2023 ला 'जेलर' गाजत होता तेव्हा एके दिवशी न सांगता जयनगरच्या बस डेपोत जाऊन उभा राहिला. ड्रायव्हर-कंडक्टर लोकांबरोबर फोटो काढले, बोलला, गेला."

अण्णा म्हणाले, "तलैवर मागं एकदा फॅन लोकांना बोलले होते. मराठी म्हणून आलो असेन नायतर कानडी म्हणून, तुम्हीच मला पच्चै तमिळ केलं."

"पच्चै म्हणजे?"

"पच्चै म्हणजे हिरवा. ताजा. एकदम अस्सल."

मामांनी मान हलवली. "बरोबर. झाड कुठूनही आणा, हिरवं तिथंच राहतं जिथं पाणी घातलं."

मला वाटलं, आता काका यावर तंजावरचं काहीतरी काढणार. पण ते बाहेर बघत होते. घाट संपला, पुरंदरच्या अंजिराच्या बागा दिसायला लागल्या. मग त्यांनी मान वळवली. कंडक्टर आमच्या सीटला टेकून हिशेबाचा कागद भरत होता. माणूस सात पिढ्यांमागं जाऊन गायकवाड शोधतो आणि ज्याला शोधतो तो स्वतः मात्र परत जातो डेपोत, हे बहुधा काकांच्या मनात उतरलं असावं. अत्यंत मृदू आवाजात त्यांनी विचारलं,

"बाळा, तुझं मूळ गाव कुठलं रे?"

कंडक्टर झटकन सरळ झाला. "का? तक्रार करायचीय?" त्यानं छातीवरच्या बिल्ल्यावर बोट आपटलं. "गाव कशाला, हा नंबर लिहून घ्या. तक्रार याच्यावर होते."

काकांनी पुष्कळ समजावलं. की बाबा, तसं नाही, सहज विचारलं. त्याला पटलं नाही. इतक्या वर्षांत पॅसेंजरनं सुट्ट्यांच्या भांडणानंतर सहज काही विचारलेलं त्याच्या अनुभवात नव्हतं. जेजुरी येईपर्यंत तो आमच्याकडे फिरकला नाही.

जेजुरीला गड चढण्यात काकांचे गुडघे संपले, भंडारा उधळण्यात दुपार संपली आणि इडल्या खाण्यात उरलेला वेळ. मावडी राहिलीच. परतीच्या गाडीला कंडक्टर दुसरा होता.

त्या पहिल्याचं गाव आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. पण वाचकांनी काळजी करू नये. उद्या तो सुपरस्टार झाला, की काका शोधून काढतील.